सत्काराचा टॉवेल

माझा पहिला सत्कार झाला तेव्हा मी नुकतीच भाकरी खाल्ली होती, आणि ती सगळी घशाशी आली.

जेवणाची सुट्टी संपली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं फिनिशिंग खातं. आम्ही बावीस बायका आपापल्या टेबलाशी परत उभ्या राहत होतो. तेवढ्यात मालकांच्या सूनबाई आल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणायचे. त्यांच्या हातात घडी घातलेला एक टॉवेल होता. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "जरा मान खाली करा हं."

मी केली. हे मला आजही छळतं. कुणीतरी मान खाली कर म्हणालं आणि मी केली. कशाला, असं विचारलंसुद्धा नाही.

त्यांनी टॉवेल माझ्या गळ्यात घातला. दोन्ही टोकं छातीवर सारखी केली, पाहुण्यांच्या सत्काराला करतात तशी. मग स्वतः टाळी वाजवली. बाकीच्या एकवीस जणींनी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याच लागत. टॉवेलच्या कोपऱ्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता. आत खराब मालाची तीन अक्षरं. सेकंड.

"मनाला लावून घेऊ नका," वहिनी म्हणाल्या. "शिस्तीसाठी असतं हे. शिफ्ट संपेपर्यंत काढायचा नाही, तेवढं बघा."

सोलापुरात सत्कार म्हटलं की टॉवेल-टोपी आलीच. निवडून आलेल्याला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना, नव्या जावयाला, सगळ्यांना टॉवेल. आमच्या कारखान्यात तोच टॉवेल चुकणाऱ्याच्या गळ्यात पडायचा. नियम असा होता. खराब विणलेला टॉवेल चेकिंगमध्ये सापडला तर तो विणणाऱ्याच्या गळ्यात. सापडला नाही, माल बाहेर गेला आणि पार्टीकडून परत आला, तर तपासणारीच्या गळ्यात. जेवताना गळ्यात, मुतारीला जाताना गळ्यात, सुटताना गेटवर अंगठा लावेपर्यंत गळ्यात. याला आम्ही सत्कार म्हणायचो. चहाच्या वेळी एकमेकींना विचारायचो, आज कुणाचा सत्कार? आणि हसायचो. मीही हसलेय. दुसऱ्यांच्या सत्काराला मी आठ वर्षं टाळ्या वाजवल्या आहेत. त्या टाळ्यांची मला सगळ्यात जास्त किळस येते.

ही कल्पना मालकांची. कारखाना बघायला पाहुणे आले की ते अभिमानानं सांगायचे, "मी कुणाचा दंड कापत न्हाय. गरिबाच्या पोटावर मारणं आपल्याला जमत न्हाय." पाहुणे माना डोलवायचे. केवढा देवमाणूस!

आता माझी गोष्ट जिथं अडकते तिथं येते. सतरा आणि अठरा नंबरच्या मागांवर माझा नवरा होता, आणि त्या मागांचा माल तपासायला माझ्या टेबलावर यायचा.

आमच्याकडं बायका नवऱ्यालाही मालक म्हणतात. मी म्हणत नाही. एका जन्माला एक मालक पुष्कळ झाला.

तपासणीचं काम मला नागम्मा अक्कानं शिकवलं. अक्का खात्यातली सगळ्यात जुनी. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत तोडून बोलणारी. पहिल्या दिवशी मी टॉवेल डोळ्यांजवळ धरून बघत होते, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"डोळ्यावर जाऊ नको. डोळा दमतो. बोट दमत न्हाय."

टॉवेलची कड अंगठा आणि दोन बोटांत धरायची आणि सरकन ओढायची. जिथं दोरा तुटलेला असतो तिथं बोट जरासं खाली जातं. दिसायला काही दिसत नाही, कारण वरची लव सगळं झाकून टाकते. बोटाला मात्र कळतं. काही वर्षांत माझं बोट इतकं तयार झालं, की लग्नघरात गर्दीत कुणाच्या पदराला हात लागला तरी कुठं दोरा सुटलाय ते मला समजायचं. अक्का म्हणायची, "तुझं बोट माझ्यापेक्षा चावट हाय." मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

प्रत्येक गठ्ठ्यावर माग नंबरची चिठ्ठी असायची. सतरा नंबरची चिठ्ठी टेबलावर आली की तो गठ्ठा मी सगळ्यात शेवटी उघडायचे. तो माग म्हातारा झाला होता. डाव्या बाजूला दोरा तोडायचा. नवऱ्यानं जॉबरला दहा वेळा सांगितलं. मागाची दुरुस्ती त्याच्याकडं. तो म्हणायचा, "चालतोय की अजून. मालक म्हणतेत, बघू." मागाला कुणी काही केलं नाही. टॉवेलात पट्टा पडत राहिला, आणि सत्कार मागाचा नाही, माणसाचा होत राहिला.

पहिल्यांदा मी त्याच्या टॉवेलवर शिक्का मारला तेव्हा मला वाटलं, एवढं काय, काम आहे. त्या दिवशी तो टॉवेल गळ्यात घेऊनच घरी आला. सुटल्यावर काढायची मुभा होती. त्यानं काढला नाही. सगळा रस्ता सायकलवरून तसाच आला, ओळखीच्या माणसांच्या देखत. दारात सायकल लावली आणि मला म्हणाला, "बघ. तुझ्या हातचा हार."

मी चहा पुढं केला. त्यानं घेतला नाही. तसाच उलट्या पावली गेला आणि दिवेलागणीला पिऊन आला. त्याआधी तो सणासुदीला, चार मित्रांत प्यायचा. एकट्यानं कधी नाही. मोरीपाशी बसून ओकला, आणि त्याच टॉवेलनं तोंड पुसलं. मग तो टॉवेल माझ्याकडं फेकला. मी धुतला. शाई सुटत होती, ओकारीत मिसळून जांभळं पाणी मोरीतून जात होतं. मी तिथंच बसून राहिले आणि मनात म्हणाले, हे मी केलं.

पुढं ते वाढतच गेलं. सत्काराच्या दिवशी प्यायचा. मग सत्कार होईल या भीतीनं आदल्या दिवशी प्यायला लागला. मग नाही झाला याच्या आनंदात. शेवटी त्याला कुठलंच निमित्त लागेनासं झालं. हात थरथरायला लागले, आणि हात थरथरणाऱ्या माणसाच्या मागावर दोरे जास्तच तुटतात. म्हणजे शिक्के वाढले. शिक्के मारणारी मी.

मग मी त्याचे खराब टॉवेल पास करायला लागले.

बोट खाली जायचं आणि मी तसंच पुढं ओढायचे. बोट सांगत होतं, मी ऐकत नव्हते. काही टॉवेल खपून गेले. काही परत आले. माझा तो पहिला सत्कार असाच झाला. असे अकरा झाले. पहिल्या दिवशी माझ्या गळ्यातला टॉवेल बघून नवरा काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "मी सांगितलं हुतं का तुला?" आणि पिऊन आला. माझा सत्कार झाला तरी पिणार तोच.

माझं काय झालं, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण लाजेनं बराच काळ खाल्लाय माझा.

कारखाना पत्र्याचा. सोलापूरचं ऊन वरून पत्र्यावर, आणि खाली आम्ही. घामानं शिक्क्याची शाई सुटायची. डाव्या कानाच्या खाली गळ्यावर जांभळा डाग पडायचा. तो साबणानं जात नसे. मी टाचा घासायची वजरी घेतली आणि गळा घासला. डाग गेला, कातडं सोलवटलं. पुढच्या वेळी तेच. मग असं झालं की डाग नसला तरी मला तो तिथं आहेसं वाटायचं, आणि हात आपोआप तिकडं जायचा. वजरी नसली तर नखं. खपली धरली की ती काढायची. स्वयंपाक करताना, बस स्टॉपवर, टीव्ही बघताना. आणि बरं वाटायचं. हे लिहितानाही किळस येते, पण खोटं कशाला लिहू? तेवढ्या वेळापुरतं डोकं शांत व्हायचं. नवरा बाटलीतून जे आणत होता ते मी माझ्या गळ्यातून काढत होते.

फरक एवढाच, की पुरुष नासायला लागला की गल्लीला दिसतं. बाई पदर सारखा करते आणि कामाला जाते.

लोकांकडं कारणं तयार होती. नवऱ्याबद्दल शेजारीपाजारी म्हणायचे, बिचारा, माणसाच्या डोक्याला हजार ताप असतात. माझा गळा एकदा शेजारणीला दिसला तर ती म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. घर एक, कारखाना एक, टॉवेल एक. त्याला ताप आणि मला वेड. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी माझ्यावरून लिंबू उतरवून टाकलं. म्हणाल्या, "बाहेरचं काय तरी झालंय हिला." आणि लेकाबद्दल म्हणाल्या, "बायकोनंच नवऱ्याच्या मालावर शिक्का मारला तर त्यो पिनार न्हाय तर काय करंल?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वर न बघता मलम लिहून दिलं. टेन्शन घेऊ नका म्हणाले. जणू मी ते बाजारातून पिशवी भरून आणत होते.

सगळ्यांचा रोख शेवटी माझ्यावर. तुझ्यामुळं. नवरा पितो तुझ्यामुळं, गळा सडतोय तुझ्याच नखांमुळं. आणि मला ते पटलं होतं. नखं लावताना मी मनात तेच म्हणायचे. तुझ्यामुळं, तुझ्यामुळं.

माझं माहेर मंद्रूप. गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस गेले होते. वडिलांना मी दादा म्हणते. ते बाजारातून आले, खांद्यावर नवा टॉवेल. मोठ्या कौतुकानं माझ्यापुढं धरला. "बघ, तुज्या सोलापूरचा." मी सवयीनं कड ओढली. बोट खाली गेलं. उलटून बघितलं तर कोपऱ्यात जांभळा शिक्का. आठवड्याच्या बाजारात असला माल ढिगानं विकतात. मी म्हणाले, "दादा, ह्यो सेकंड हाय. खराब म्हणून बाजूला काढलेला."

त्यांनी शिक्का बघितला. मग त्याच टॉवेलनं तोंडावरचा घाम पुसला.

"पानी टिपतोय की चांगला," ते म्हणाले. "मग ह्याला खराब कोन ठरिवलं?"

"शिक्का मारतेत."

"कोन मारतंय?"

"मीच."

त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "मग नगं मारूस." आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मला राग आला. यांना काय कळतं कारखान्यातलं, असं वाटलं. परतीच्या एसटीत मात्र ते शब्द माझ्याबरोबर बसून आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवऱ्याच्या ओकारीतून रक्त पडलं. दवाखान्यात नऊ दिवस होता. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा प्यायले तर माझ्याकडं आणू नका. तो घाबरला. खरंच घाबरला. दोन महिने त्यानं थेंबाला हात लावला नाही. हात थरथरायचे, घामाघूम व्हायचा, भिंतीला डोकं टेकून बसायचा, पण प्याला नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यात मी खोट काढणार नाही. त्याचं बघून मीही ठरवलं. नखं मुळापर्यंत कापली. झोपताना उजव्या हाताला फडकं गुंडाळायची. गळ्यावर नवं कातडं धरायला लागलं होतं, पातळ, गुलाबी.

तेवढ्यात वहिनींनी कारखान्यात व्यसनमुक्ती मेळावा ठरवला. बातमी पेपरात येणार होती. सुधारलेल्या पाच कामगारांचा सत्कार करायचा होता. चार पुरुष, त्यात माझा नवरा. पाचवी मी. माझा गळा वहिनींनी एकदा बघितला होता.

"तुमचं कारण आम्ही नाही सांगणार हं," त्या म्हणाल्या. "चांगली कामगार म्हणूनच सत्कार करू."

मला आनंद झाला. आता हसू येतं, पण झाला. मी इस्त्रीची साडी काढली. नवऱ्यानं दाढी केली, लग्नातला पांढरा शर्ट घातला. तो शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता. आरशात बघत म्हणाला, "ह्यो खरा सत्कार हाय बघ. ह्या बारीला नवा टॉवेल मिळणार."

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. दोनशे माणसं. पुण्याहून एक सर आले होते. कोट घातलेले, गोड आवाजाचे. माणूस स्वतःचा नाश का करतो, यावर ते बोलले. पुरुष संगतीमुळं बिघडतात म्हणाले, मन कमकुवत असतं म्हणाले. बायका भावनाप्रधान असतात, मनात साठवतात, दुसरीचं बघून जळतात, मोबाइलवर नको ते बघतात. त्यांनी कधी माग बघितला होता की नाही कोण जाणे. आवारात आवाज येत होता मागांचा, कारण एक शेड चालूच ठेवलं होतं. त्यांना त्याचा त्रास होत होता. दोनदा कपाळाला आठ्या घालून तिकडं बघितलं त्यांनी.

शेवटी ते म्हणाले, "कारण बाहेर शोधू नका. आत शोधा. माझ्या मागून सगळ्यांनी म्हणा, कारण मीच!"

दोनशे माणसं ओरडली. कारण मीच. सरांचं समाधान झालं नाही. आणखी मोठ्यानं! कारण मीच! मीही ओरडले. ओरडताना माझ्या लक्षात आलं, हे वाक्य मला पाठ आहे. वजरी घेऊन मोरीत बसले की मी हेच म्हणते. फक्त आज माइक होता. मला एकदम शिसारी आली. मालक पहिल्या खुर्चीवर बसून हसत होते. ते एकटे ओरडत नव्हते.

मग सत्कार. आधी सरांना शाल, मग मालकांना शाल. नंतर आम्ही. मालकांनी नवऱ्याच्या गळ्यात टॉवेल घातला. टाळ्या. त्यानं हात जोडले. त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी तसा बघितला नव्हता.

शेवटचा नंबर माझा. सरांनी वहिनींच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. "या ताई. या स्वतःच्या नखांनी स्वतःचा गळा ओरबाडत होत्या. बघा, बायकांमध्ये हा प्रकार कसा वेगळा दिसतो. पण आता त्या सुधारल्या आहेत."

दोनशे माणसं माझ्या गळ्याकडं बघायला लागली. पेपरवाल्यानं कॅमेरा वर केला.

"पदर थोडा बाजूला घ्या ताई," सर म्हणाले. "लोकांना कळू दे."

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी माझी नजर टाळली. टॉवेल उचलला, माझ्यासमोर आल्या आणि हसून म्हणाल्या, "जरा मान खाली करा हं."

तेच शब्द. तोच आवाज. तेच हसू.

मी मान खाली केली नाही. दोन्ही हात पुढं केले आणि टॉवेल हातात घेतला. त्यांना वाटलं, बाई गोंधळली. त्यांनी सोडला. मी काहीच ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. पण टॉवेल हातात आला की बोटं आपलं काम करतात. कड अंगठ्यात धरली गेली, सरकन ओढली गेली, आणि डाव्या बाजूला बोट खाली गेलं.

मी घडी उलगडली. आतल्या घडीत, नीट दडवून ठेवलेला, जांभळा गोल शिक्का.

आमच्या हातचा माल, आमच्याच हाताचा शिक्का, आणि आमच्याच सत्काराला. नवा टॉवेल द्यायलासुद्धा यांचं मन धजलं नाही. दोनशे लोकांसमोर आम्हाला सुधारलेले म्हणायचं आणि गळ्यात घालायचं सेकंड.

"मालक, ह्यो सेकंड हाय," मी म्हणाले. माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

मालक हसले. "चुकून आला असंल बाई. दुसरा द्या गं तिला."

मी नवऱ्याजवळ गेले. त्याच्या गळ्यातल्या टॉवेलचा कोपरा उलटला. शिक्का. तो पुटपुटला, "गप की. गप." मी थांबले नाही. पलीकडच्यानं स्वतःच आपला कोपरा उलटून बघितला. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग शेवटच्यानं. चौघांच्याही टॉवेलवर तीच तीन अक्षरं.

"चुकून एक येतोय मालक," मी म्हणाले. "पाच येत न्हाईत."

वहिनी माझा दंड धरायला आल्या. मी हात सोडवला आणि सरांकडं वळले.

"सर, तुमी म्हनलाव, कारन आत शोधा. शोधलं. ह्या घडीच्या आत हाय. आठ वर्षं हेच गळ्यात घालतेत आमच्या, आन टाळ्या वाजिवतेत. त्यो पितोय, मी खाजिवते. तुमी मोबाइलचं सांगायलाव."

कुणीतरी माइक बंद केला. टॉवेल मी टेबलावर ठेवला, शिक्का वर करून. मांडवात टाळी नव्हती. नागम्मा अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, लहान मुलीसारखे. मी पायऱ्या उतरले आणि गेटमधून बाहेर पडले. अंगठा लावला नाही.

आता पुढचं सांगणं जड जातं. लोकांना वाटतं, एवढं झाल्यावर नवरा म्हणाला असेल, शाबास. तसं काही झालं नाही. सहा वाजता तो आला तो झोकांड्या खात. पांढऱ्या शर्टावर डाग, गळ्यात तोच टॉवेल.

"दोन महिने सोडली हुती मी," तो दारातच ओरडला. "दोन महिने! लोकांम्होरं माझा सत्कार हुता. माझा! तू उलटून दावलीस. तुझ्यामुळं प्यालो. तुझ्यामुळं."

मला त्याची कीव आली आणि किळस आली, दोन्ही एकदमच. कारण त्याच्या बोलण्यात थोडं खरं होतं. त्याला तो टॉवेल हवा होता. खोटा असला तरी हवा होता. आयुष्यात एकदा लोकांनी त्याच्यासाठी बरी टाळी वाजवली होती, आणि ती मी थांबवली. तेवढं माझ्या खात्यावर आहे, मी नाकारत नाही.

माझा हात गळ्याकडं गेला. सवयीनं. नखं नव्हती, पण बोटं होती. आणि बोटांनी तेच केलं जे ती टॉवेलला करतात. डाव्या कानाखालून सरकत गेली, जरा खाली गेली, आणि थांबली. तिथं खड्डा होता. खरबरीत कड होती. मी आठ वर्षं हजारो टॉवेल तपासले. विणताना राहिलेला दोष कुठला आणि मागाहून कुणी ओढून पाडलेला कुठला, हे माझ्या बोटाला कळतं. मी जन्मले तेव्हा हा गळा धड होता. मी हात खाली घेतला.

"कारन त्यांनी दिलं," मी नवऱ्याला म्हणाले. "बाटली तुमी उचलली. दोनी माझ्या गळ्यात घालू नका."

"काय म्हनलीस?"

"ऐकलाव तुमी. त्यो टॉवेल बाहेर काढा, मग आत या."

आत्या आतून म्हणाल्या, "नवऱ्याला दारात उभं करतीस व्हय गं?" मी म्हणाले, "व्हय." आणि दारातच उभी राहिले. तो बऱ्याच वेळानं बाहेरच्या दगडावर बसला. टॉवेल काढला नाही. मीही हलले नाही.

मला कामावरून काढलं. आता मी दुसऱ्या पेठेत एका बाईकडं टॉवेलला कडा शिवते. नागम्मा अक्का अजून तिथंच आहे. तिनं सांगितलं, सत्कार बंद झालेला नाही. फक्त आता त्याला सूचना म्हणतात, आणि टॉवेल गळ्याऐवजी खांद्यावर ठेवतात. टाळ्या मात्र आता निम्म्याच बायका वाजवतात, असंही ती म्हणाली. नवरा तिथंच आहे. सतरा नंबर तसाच आहे. तो कधी पितो, कधी नाही. टॉवेल बाहेरच्या खिळ्याला अडकवून आत येतो त्या दिवशी मी ताट वाढते. तसाच आला तर दार लागलेलं असतं. तो बरा होईल का, मला माहीत नाही. त्याच्यासाठी मी माझा गळा परत सोलणार नाही, एवढं माहीत आहे.

हात अजूनही तिकडं जातो. दिवसातून चारदा जातो. कुणी खोटं सांगू नये की एका दिवसात सुटतं. हात गेला की मी त्याला शिलाईवर आणते, आणि कड ओढून बघते.

यापुढं माझ्या गळ्यात कुणालाही काही घालायचं असेल, मानाचं असो नाहीतर अपमानाचं, तर ते आधी माझ्या हातात द्यायचं. मी उलटून बघणार. मान खाली करून मी आता काही घेणार नाही.